कॉलेजात आलेलं पहिलं यंत्र

भारतात छापून निघालेला पहिला मजकूर कोणता, असं विचारलं तर बहुतेक लोक बायबल म्हणतात. थोडं वाचन असलेले सेंट फ्रान्सिस झेवियरच्या 'दौत्रिना क्रिस्तां'चं नाव घेतात. ते पुस्तक १५५७ चं. त्याच्याही आधी, १५५६ च्या ऑक्टोबरात, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात जो पहिला कागद यंत्राखालून निघाला तो मुलांच्या परीक्षेचा होता. 'कोंक्लुझोंयश' म्हणजे विद्यार्थ्यानं भर सभेत उभं राहून सिद्ध करून दाखवायची प्रमेयं. आजच्या भाषेत सांगायचं तर तोंडी परीक्षेचा कागद!

हल्ली 'तंत्रज्ञान आणि उच्च शिक्षण' या विषयावर प्रत्येक कॉलेजात एक तरी परिसंवाद होतो. वक्ते संगणकापासून सुरुवात करतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर येऊन थांबतात. मध्येच चहा होतो. आम्हा गोंयकारांना मात्र ही गोष्ट जवळजवळ पावणेपाचशे वर्षं मागे जाऊन सांगता येते, आणि ती सांगताना कुणाची उसनवारी करावी लागत नाही. या देशातल्या कॉलेजात आलेलं पहिलं यंत्र आमच्याच मांडवीच्या काठावर उतरलं.

उतरलं खरं, पण ते आमच्यासाठी आलं नव्हतं. छापखाना निघाला होता हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात. तिथल्या चर्चसाठी पोर्तुगालहून जुआंव नूनिश बार्रेतू नावाचा पाट्रिआर्क निघाला होता. त्याच्या सामानात हे यंत्र होतं आणि सोबत हुआन द बुस्तामांते नावाचा स्पॅनिश जेझुइट छपाईकार. छपाईचं काम शिकलेला एक हिंदी माणूसही बरोबर होता. त्याच्या चांगुलपणाबद्दल आणि हातातल्या कसबाबद्दल तेव्हाच्या पत्रात दोन शब्द आहेत, नाव मात्र दिलेलं नाही. मंडळी १५५६ च्या मार्चअखेरीस लिस्बनजवळच्या बेलेंहून निघाली आणि ६ सप्टेंबरला गोव्याला पोचली. इथं आल्यावर कळलं की हबशांचा बादशहा या पाहुण्यांच्या स्वागताला काही उत्सुक नाही. पाट्रिआर्क गोव्यात थांबला तो पुढं गेलाच नाही. यंत्रही राहिलं. सेंट पॉल कॉलेजात त्याची मांडणी झाली आणि महिन्याभरात परीक्षेचे कागद छापून तयार.

या कॉलेजची कमान अजून उभी आहे. जुन्या गोव्याला फेस्ताला जाणाऱ्यांनी ती पाहिली असेल, म्हणजे दिसली असेल. मागे काही नाही. साथीच्या रोगांनी सोळाव्या शतकातच ती जागा ओस पडू लागली आणि एकोणिसाव्या शतकात उरलेली इमारत पाडली. पण भर काळात इथं गोव्याचीच नव्हे तर मलबारची, मलाक्काची, आफ्रिकेतली मुलं एकत्र शिकत होती. व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र असा अभ्यास. भाषा लॅटिन आणि पोर्तुगीज.

छापखाना येण्याआधी वर्ग कसा चालायचा? शिक्षक सांगायचा आणि मुलं उतरवून घ्यायची. पुस्तक एकच, ते शिक्षकाच्या हातात. आपल्याकडच्या पाठशाळांत तर तेही पुष्कळदा नसायचं. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात आणि तिथून जिभेवर. या दोन्ही पद्धतींत ज्ञान माणसाला चिकटलेलं असे. गुरू गेला की विद्या गेली, किंवा विद्यार्थ्याला उठून दुसऱ्या गावी जावं लागे. छापील कागद आल्यावर पन्नास जणांच्या हातांत एकच मजकूर, एकाच ओळीत एकच शब्द. वाद घालायचा तर 'तुझ्या वहीत काय आहे आणि माझ्या वहीत काय' हा घोळ संपला. मला वाटतं, तंत्रज्ञानानं उच्च शिक्षणात केलेला सगळ्यांत मोठा बदल हाच, आणि त्यापुढचे सगळे बदल याच बदलाचे धाकटे भाऊ.

या छापखान्याचा खरा मोठा विद्यार्थी मात्र कॉलेजात नव्हता. पणजीच्या चर्चसमोरच्या ज्या बागेला त्याचं नाव आहे तो गार्सिया द ओर्ता. सालामांका आणि आल्काला इथं शिकलेला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलेला वैद्य. १५३४ साली तो गोव्यात आला आणि शेवटपर्यंत इथंच राहिला. मुंबईचं बेट त्याला पट्ट्यानं मिळालं होतं. आज त्याची किंमत काढायला बसलं तर आमच्या खात्यातली सगळी कॅल्क्युलेटरं कमी पडतील. असो. १५६३ च्या एप्रिलात त्याचं 'कोलोक्युज' हे भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात छापून निघालं. छापणाऱ्याचं नाव जुआन्निश द एंडें. पुस्तक संवादरूप आहे. ओर्ता आणि रुआनो नावाचा एक युरोपीय वैद्य गोव्यातल्या घरात बसून बोलतात, मध्येच मोलकरीण आंतोनिया झाडपाला आणून दाखवते. हिंग, वेलदोडे, भांग, आंबा, फणस, पटकीचा रोग, सगळं त्यात येतं. लुईश द कामोंइश या पोर्तुगालच्या महाकवीची छापली गेलेली पहिली कविताही याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे.

छपाई मात्र काय वर्णावी! चुकांचं शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. तरीही हे पुस्तक युरोपात पोचलं आणि चार वर्षांत, १५६७ साली, क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये काढला. तिथून ते विद्यापीठांतून पसरलं. गोव्याच्या बाजारात हिंडून, इथल्या वैद्यांना विचारून जमवलेली माहिती युरोपातल्या कॉलेजातली मुलं लॅटिनमधून वाचू लागली. ज्या वैद्यांना विचारून ती जमवली त्यांच्या मुलांना मात्र ती वाचायची काही सोय नव्हती. ओर्ता स्वतः ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या बहिणीला तर १५६९ सालीच जिवंत जाळलं होतं. ज्या शहरानं भारतातला पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ छापला त्याच शहरानं हेही केलं. दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

आता आपल्या भाषेकडे वळतो. यंत्र आलं, तर मराठी का छापली गेली नाही?

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जुआंव गोन्साल्विश नावाच्या स्पॅनिश जेझुइट कारागिरानं तमिळ अक्षरांचे खिळे पाडले आणि १५७८ साली कोल्लमला तमिळ पुस्तक छापून झालं. गोव्यातल्या लिपीसाठीही त्यानं काही अक्षरं घडवायला घेतली होती. ते काम अर्ध्यावरच राहिलं. या सगळ्याचा छडा लावला तो आपल्या प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी. १९५८ साली मुंबईच्या मराठी संशोधन मंडळानं त्यांचं भारतातल्या मुद्रणाचा इतिहास सांगणारं इंग्रजी पुस्तक काढलं. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी ते मिळवून वाचावंच. सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला तर त्यातली शिस्त पाहून हेवा वाटतो.

देवनागरीची अडचण समजून घेण्यासाठी कंपोझिटरच्या जागी उभं राहून पाहा. रोमन लिपीची सगळी अक्षरं चोवीस-पंचवीस. मोठी आणि छोटी धरली तरी एका लाकडी खणांच्या पेटीत मावतात. आपल्याकडे क ला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार. मग क्य, क्र, क्व, क्ष. मग ष्ट, ष्ट्र, र्ष्ट्य. प्रत्येक आकाराचा वेगळा साचा, आणि साचा म्हणजे पोलादावर हातानं कोरलेलं अक्षर. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आला. इंग्रज माणूस, पण मराठी आणि कोंकणी त्यानं अशी आत्मसात केली की आजही आपण चकित होतो. १६०८ च्या डिसेंबरात त्यानं रोमला आपल्या सर्वोच्च वरिष्ठांना पत्र लिहिलं. मजकुराचा सारांश असा, की या देशाच्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे, मलबारात तसं झालं आहे, पण इथं साचे लागतात सहाशेच्या घरात. शिवाय वरिष्ठांच्या हुकुमाशिवाय आणि मदतीशिवाय हे व्हायचं नाही. म्हणजे अडचणी दोन. एक यंत्राची आणि दुसरी मंजुरीची. कारकुनाला हे पत्र फार ओळखीचं वाटतं! आमच्याकडेही प्रस्ताव जातो, त्यात खर्चाचा आकडा मोठा असतो, आणि मग वरून काही येत नाही.

१६१६ साली राशोलला, म्हणजे आपल्या रायतूरला, स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, छंद आपल्या पुराणांचा, आणि अक्षरं रोमन. मराठी भाषेचं कौतुक करणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या, भाषणांत ऐकल्या. पण त्या छापल्या गेल्या तेव्हा मराठीच्या लिपीत नव्हत्या हे फारसं कुणी सांगत नाही. बालबोध वाचणाऱ्या शेणवी मास्तराला ते पुस्तक हातात दिलं असतं तर त्याला अक्षरही लागलं नसतं. ऐकलं असतं तर डोलला असता. हा ग्रंथ १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. टिकल्या त्या हातानं उतरवलेल्या पोथ्या, आणि त्यांतली एक, लंडनमध्ये असलेली, चक्क देवनागरीत आहे. यंत्राला जे जमलं नाही ते कुणा लेखनिकाच्या बोरूनं केलं.

उलटही घडलं. सोळाव्या-सतराव्या शतकात इथल्या रामायण-महाभारताच्या कथा जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या, त्यांच्या वह्या पोर्तुगालातल्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात सापडल्या. मूळ पोथ्या जळाल्या, रोमन नकला राहिल्या. तेव्हा लिपी परकी म्हणून नुसतं बोटं मोडण्यात अर्थ नाही. आपल्या जुन्या गोमंतकीय वाङ्मयाचा एक तुकडा त्या परक्या अक्षरांनीच सांभाळला.

पुढचा भाग दुःखाचा आहे, आणि थोडक्यात आटोपतो. १६७४ नंतर गोव्यातला छापखाना थंडावला. १६८४ साली व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७५४ साली लिस्बनहून वसाहतीत छपाईवर बंदी आली. छापखाना परत आला तो १८२१ साली, आणि त्यावर्षीच्या डिसेंबरात 'गाझेता द गोवा' निघालं. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षं. आशियातल्या पहिल्या छापखान्यांपैकी एक जिथं आला तिथं पाच-सहा पिढ्यांनी छापील कागद तयार होताना पाहिलाच नाही.

त्या दीडशे वर्षांत सुई दुसरीकडे सरकली. कलकत्त्याला १८०० साली इंग्रज अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथं विल्यम कॅरी मराठी शिकवी. त्यासाठी पुस्तकं हवीत म्हणून सेरामपूरला मराठी व्याकरण छापलं गेलं, १८०५ साली. १८१० चा मराठी कोश तर मोडी खिळ्यांत. तंजावरला सरफोजी राजांनी आपला छापखाना काढून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' छापली. मराठी छपाईचे आरंभ पाहा, बंगालात आणि तमिळ मुलखात! मुंबई-पुणं नंतर आलं. आणि पुन्हा पाहा, बंगालात यंत्राला मराठी शिकवली ती एका कॉलेजच्या गरजेनं. सेंट पॉल कॉलेजला ती गरज इतक्या निकडीची वाटली नव्हती एवढाच फरक. सहाशे साचे कठीण होतेच, पण अशक्य नव्हते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ झालं. आपल्याकडे १८४२ साली वैद्यकीय शाळा झाली, १८५४ साली लिसेव आलं. दोन्हीकडे पोर्तुगीज. ज्यांच्या घरी मराठी होती आणि पोर्तुगीज नव्हती त्यांची मुलं घाट चढून बेळगाव, धारवाड, पुणं, मुंबई गाठू लागली. गोव्याला पहिली आधुनिक कॉलेजं मिळाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले. तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. स्वतःचं विद्यापीठ यायला १९८५ उजाडलं. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कित्येकांचा 'शिक्षण कुठं झालं?' या प्रश्नाला जबाब म्हणजे एका एसटीच्या मार्गाचं नाव असे.

सहाशे साच्यांचं पुढं काय झालं? ते कमी करण्याचा उद्योग चालूच राहिला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी त्यात डोकं घातलं होतं आणि खिळ्यांची संख्या १९० पर्यंत उतरवण्याची योजना केली होती. गीतारहस्य लिहिणारा माणूस खिळे मोजत बसला होता, हे मला फार आवडतं. यंत्र आपल्या भाषेला जुळत नसेल तर भाषा टाकायची नाही, बसून आकडेमोड करायची.

आणि 'ख्रिस्तपुराण' देवनागरीत छापून केव्हा आलं? १९५६ साली. पुण्याच्या प्रसाद प्रकाशनानं, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. गोव्यात छापखाना येऊन चारशे वर्षं झाली होती आणि स्टीफन्सच्या पत्राला तीनशे अठ्ठेचाळीस.

याच १९५६ नं आणखी एक गोष्ट केली, ती इथून फार लांब. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके, घरोघर मराठी बोलणारे. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकण्याची जी गोटमार होते, तिच्या बातमीपुरतं आपण हे गाव ओळखतो.

पांढुर्ण्याच्या पुढं, नागपूर-इटारसी लोहमार्गावर, तिगाव हे स्टेशन आहे. माझ्या मेहुणीचं सासर नागपूरचं आणि तिच्या दिराची संत्र्याची बाग तिगावला. काही वर्षांपूर्वी एका कार्याच्या निमित्तानं जाणं झालं. गोंयकाराला ते सगळंच नवीन. काळी जमीन, कोरडी हवा, पुढं सातपुड्याचा घाट सुरू होणार याची वर्दी देणारे डोंगर. आणि कानांवर पडणारी मराठी. महाराष्ट्राची हद्द संपली आहे यावर विश्वास बसू नये अशी.

घरातली मुलगी बी. ए. करत होती, खाजगी विद्यार्थी म्हणून. छिंदवाड्याला २०१९ साली विद्यापीठ झालं आहे, आता ते राजा शंकर शाह यांच्या नावानं ओळखलं जातं, पण रोज तिथं जाणं शक्य नाही. तिचा सगळा अभ्यास मोबाइलवर. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी रेंज चांगली म्हणून तिथं सतरंजी टाकलेली. इतिहासाची व्याख्यानं ऐकत होती. मी विचारलं, "कुठल्या भाषेत ऐकतेस?"

"हिंदीतच राहते ना काका सगळं. पेपर हिंदीतच लिवा लागते."

"आणि मराठी?"

"वाचता येते जी. पण लिवाले बसलं का हिंदीच येऊन जाते मंदात."

व्याख्यान कशावर होतं ते मी पाहिलं. मराठ्यांच्या इतिहासावर! नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात ज्या मुलुखाची आयुष्यं गेली तिथली मराठी मुलगी, भोसल्यांचा इतिहास कुठल्याशा शहरातल्या शिकवणी मास्तराकडून हिंदीतून ऐकत होती. त्यात वाईट काही नाही. मास्तर चांगला शिकवत होता. पण तिच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर नागपूरला १९२३ सालापासून विद्यापीठ आहे, तिथं हाच विषय मराठीतून शिकवला जातो. रेल्वे तिथं जाते. मोबाइल तर कुठंही जातो.

इथं एक गंमत सांगतो. दूरशिक्षणाचा मूळ हेतूच असा, की अंतर हा अडथळा राहू नये. १९८४ च्या १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. आम्ही लहानपणी दुपारी टीव्ही लावला की कुणी गंभीर गृहस्थ इंग्रजीतून काही समजावत असत, आणि कार्टून केव्हा लागेल म्हणून आम्ही चिकाटीनं पाहत असू. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. मराठीतून पत्रानं शिकता येतं हे त्यानं दाखवून दिलं, नोकरी करणाऱ्या कितीजणांना पदवी दिली. मध्य प्रदेशाचं भोज मुक्त विद्यापीठ १९९१ च्या कायद्याचं, त्याचा कारभार हिंदीत. २००४ साली शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा खास उपग्रह आकाशात गेला. उपग्रहाला पांढुर्णा आणि नरखेड यांच्यामधली रेषा दिसत नाही. पण कायद्याला दिसते. राज्याच्या कायद्यानं झालेल्या विद्यापीठानं राज्याबाहेर आपली केंद्रं चालवू नयेत असं अनुदान आयोगानं २०१३ साली बजावलं. दुसऱ्या राज्यात जाऊन पदव्यांची दुकानं मांडणाऱ्यांना आवर घालायला ते हवंच होतं. पण त्या एकाच दोरीत तिगावच्या मुलीचीही वाट बांधली गेली. नाशिकचं मराठी विद्यापीठ तिच्यासाठी परराज्यातलं झालं.

आमच्या गोव्यातही हे वेगळ्या रूपात पाहिलंय. २००२ च्या सुमारास सरकारनं उच्च माध्यमिकच्या मुलांना घरी संगणक दिले, त्याचं कौतुक देशभर झालं, आणि ते रास्तही होतं. २०२० साली टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली तेव्हा मात्र सत्तरी, सांगे, काणकोणातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसलेली आपण पाहिली. यंत्र घरात होतं, तार पोचली नव्हती.

लिपीच्या बाबतीत मात्र आता तक्रारीला जागा फार उरलेली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक कचेरीचा आपापला मराठी फाँट असे. आमचं पत्र दुसऱ्या खात्यात उघडलं की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मग फाइलीबरोबर फाँटही पाठवायचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण ते कचेरीच्या टेबलावर पोचायला पंधरा-वीस वर्षं गेली. आता साध्या मोबाइलमध्ये सहाशेच काय, हवी तेवढी जोडाक्षरं आहेत. वऱ्हाडातला 'ऱ्ह' काढायला जो 'ऱ' लागतो तो युनिकोडमध्ये दक्षिणी भाषांतला एक उच्चार दाखवण्यासाठी ठेवलेला आहे, आपण मराठी लोक त्याच्याच अर्ध्या रूपावर आपली तऱ्हा भागवतो. पण भागते.

तेव्हा राहिली ती मजकुराची बाजू. आयआयटीवाल्यांची व्याख्यानं २००३ पासून 'एनपीटेल'वर फुकट मिळू लागली, २०१७ मध्ये 'स्वयं' आलं. मूळ शिकवणं बहुतेक इंग्रजीत, आता काहींचं लेखी भाषांतर मराठीतही मिळतं. २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी आहे. २०२२ साली मध्य प्रदेशानं डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली. हिंदीसाठी एक सरकार मागे उभं राहिलं की काय होतं ते यात दिसतं. तिगावची मराठी ही त्या सरकारच्या लेखी अल्पसंख्याकांची भाषा आणि आमच्या महाराष्ट्राच्या लेखी परराज्यातली. दोन्ही कचेऱ्यांत तिची फाइल 'योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग' होत राहणार.

नुसती हळहळ करून काय उपयोग, म्हणून मी घरी आल्यावर एक काम केलं. मराठी विश्वकोश आता महाजालावर फुकट वाचता येतो. तर्कतीर्थांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघालेले ते जाडजूड खंड, जे आम्ही कॉलेजात ग्रंथपालाची मनधरणी करून तिथंच बसून वाचायचो. त्यातल्या नागपूरकर भोसल्यांवरच्या नोंदीचा दुवा मी त्या मुलीला पाठवला. तास-दीड तासानं उत्तर आलं. नोंद पूर्ण वाचली होती, एक शंकाही विचारली होती, आणि शंका चांगली होती.

उत्तर मराठीत होतं, अक्षरं रोमन. स्टीफन्सनं आपल्या ओव्या रोमनमध्ये घालताना त आणि ट वेगळे दिसावेत म्हणून ट साठी दोन टी लिहायची पद्धत ठेवली होती. ड, ण आणि ळ साठीही तसंच, अक्षर दोनदा. तिच्या संदेशात त ला एक टी आणि ट लाही एकच टी होता, त्यामुळे एक शब्द मला दोनदा वाचावा लागला.